शिरगणतीत न लिहिलेली मुले

आपल्या स्मरणिकेसाठी काही लिहा असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी नारळीभाताची कृती देऊन मोकळी होणार होते. त्या म्हणाल्या, "कृती पुष्कळ आल्या आहेत. तुम्ही इतिहास लिहा." मला हसू आले. सातवीनंतर माझे पाटीदप्तर सुटले ते सुटलेच. इतिहास म्हणजे राजांची नावे आणि लढायांची साले, एवढेच मला ठाऊक. तेव्हा त्या म्हणाल्या, "राजांचा नको. मंगळवारी दुपारी समाजमंदिरात आपण या मुलांना घेऊन बसतो, ते कोठून कसे आले त्याचा लिहा." मग मला नाही म्हणवेना. माझी थोरली मुलगी कल्याणला दिली आहे. तिने वाचनालयातून पुस्तके आणली, मोबाईलवर शोधून मला वाचून दाखविले, आणि मी ते वहीत टिपून घेतले. भाषेच्या चुका असतील त्या भगिनींनी पोटात घालाव्यात.

आधी माझीच एक चूक सांगते, कारण या इतिहासाची टोचणी मला तेथून लागली.

२०११ सालचा फेब्रुवारी महिना होता. शिरगणतीचे मास्तर घरोघर फिरत होते. माझा धाकटा त्या वेळी आठ वर्षांचा. तो उशिरा चालला, उशिरा बोलला, आणि बोलला तेही चारसहा शब्दच. डॉक्टरांनी कागदावर 'मतिमंद' असे लिहून दिले होते. तो कागद मी गोधडीच्या घडीत ठेवून दिला होता. मास्तर येणार असे कळले तेव्हा सासूबाईंनी मला बजावले, "काही बोलू नकोस. पोरीचे लग्न व्हायचे आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची." त्या स्वतः त्याला घेऊन मागल्या पडवीत बसल्या.

मास्तर ओटीवर बसले. नावे झाली, वये झाली, कोण किती शिकले ते झाले. मग त्यांनी विचारले, "घरात कोणी अपंग, मतिमंद?" मी म्हटले, "नाही. सगळी धडधाकट." एवढ्यात धाकटा आजीचा हात सोडवून तांब्या घेऊन बाहेर आला. ओटीवर कोणी बसले की पाणी द्यावयाचे, हे त्याला मीच महिनाभर खपून शिकविले होते. अर्धे पाणी सांडत त्याने तांब्या मास्तरांपुढे धरला आणि तो हसला. मास्तर पाणी प्याले. त्यांनी माझ्याकडे पाहिले व तोच प्रश्न हळू आवाजात पुन्हा विचारला. मी पुन्हा "नाही" म्हटले. त्यांनी तसे लिहिले आणि ते पुढच्या घरी गेले.

त्या शिरगणतीत साऱ्या देशात सुमारे २ कोटी ६८ लाख अपंग माणसे नोंदली गेली. त्यांपैकी महाराष्ट्रातली सुमारे २९ लाख ६० हजार. मतिमंद म्हणून देशभरात लिहिली गेली ती सुमारे १५ लाख. त्या पंधरा लाखांत माझा मुलगा नाही.

लपविणारी मी पहिली नव्हे, हे पुढे वाचनात आले. आपल्या देशात १८७२ सालच्या खानेसुमारीपासून अशा माणसांची मोजणी होत असे. वेडे, मुकेबहिरे, आंधळे आणि महारोगी असे त्यांचे रकाने असत. हे १९३१ पर्यंत चालले. पण लोक खरे सांगत नाहीत, विशेषतः मुलीबाळींचे व्यंग घरचे झाकतात, ही तक्रार त्या काळी सारखी होई. १९४१ पासून हे विचारणेच बंद झाले. स्वातंत्र्य आले, पंचवार्षिक योजना आल्या, धरणे झाली, परंतु देशात किती मुलांना दिसत नाही आणि किती मुलांना समजायला वेळ लागतो, हे चाळीस वर्षे कोणी विचारले नाही. १९८१ हे अपंगांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले गेले, त्या साली पुन्हा विचारले, पण तेही पूर्ण आंधळे, पांगळे आणि मुके एवढेच. १९९१ ला पुन्हा गाळले. २००१ साली पाच प्रकार विचारले आणि २०११ साली आठ. मतिमंद निराळा आणि मनाचा आजारी निराळा, हा फरक या २०११ च्या कागदावर प्रथमच आला. म्हणजे माझ्या मुलासाठी सरकारने पहिल्यांदा एक स्वतंत्र घर आखले होते, आणि मी ते कोरे ठेविले.

कोणी म्हणतील, शिरगणतीचे काय घेऊन बसलात, पूर्वी गावच अशा माणसांना सांभाळीत असे. यात थोडे खरे आहे. माझे माहेर वाड्याकडचे. तेथे आमच्या लहानपणी एक मुका गुराखी होता. साऱ्या गावची गुरे तो राखी आणि त्याची भाकरी दररोज एका घरची असे, वार लावून दिलेले होते. कोणाच्या घरचा वार चुकला तर तो त्या दारात नुसता उभा राही, आणि आतली बाई शरमून भाकरी आणून देई. पावसाळ्यात घोंगडी गावाने दिली, आजारी पडला तेव्हा वैदूचे पैसेही गावानेच दिले. पण मुले त्याला खडे मारीत हेही मी पाहिले आहे, आणि त्यांत मी नव्हते असे छातीवर हात ठेवून मला सांगता येणार नाही. त्याचे खरे नाव मला आजही ठाऊक नाही. सगळे त्याला मुक्याच म्हणत. गुरे राखण्याइतके अंग व अक्कल त्याला होती म्हणून त्याचे निभावले. ज्याला स्वतःच्या हाताने घासही घेता येत नाही अशा पोराचे काय होई, याची गोष्ट गावात कोणी सांगत नाही. ती पोरे आतल्या खोलीत वाढत आणि आतल्या खोलीतच जात.

मुंबईत मुक्याबहिऱ्यांची शाळा १८८५ च्या सुमारास माझगावात सुरू झाली. अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी १९०० च्या दुष्काळी साली मुंबईतच आंधळ्या मुलांची शाळा काढली. ही कामे मिशनऱ्यांची. घरच्यांनी, त्यांतही आयांनी, कंबर बांधली ती पुढे, आणि मला सर्वांत जास्त सांगावयाचे आहे ते या आयांविषयी.

पहिली जय वकील. मुंबईच्या पारशी बाई. त्यांचे यजमान होरमसजी वकील. त्यांच्या मुलीला, दीनाला, जन्मतःच ज्याला डाउन सिंड्रोम म्हणतात तो दोष होता. चेहरा जरा निराळा, बुद्धीची वाढ सावकाश. अशा मुलीला घेईल अशी शाळा मिळेना. तेव्हा १९४४ साली या बाईंनी आपल्या राहत्या घरीच मुले जमवून शाळा सुरू केली. तीच पुढे शिवडीला गेली व आजही चालते. देशातल्या अशा मुलांच्या सर्वांत जुन्या शाळांत तिची गणना होते. पैशाने बरे घर होते हे खरे. पण पैसा असला तर माणूस एक आया ठेवून मुलीला आत बसवू शकतो, आणि पुष्कळांनी तेच केले असेल. या बाईंनी दार उघडून दुसऱ्यांचीही मुले आत घेतली.

दुसऱ्या फातेमा इस्माईल. यांची मुलगी उषा तीन वर्षांची असता पोलिओने पांगळी झाली. मद्रासला डॉक्टर किनी म्हणून हाडांचे मोठे तज्ज्ञ होते. मुलीला घेऊन त्या तेथे जाऊन राहिल्या, उपचार करविले, आणि ते करता करता त्यांच्या ध्यानात आले की मुंबईत अशी कितीतरी मुले आहेत आणि त्यांच्या आयांना मद्रासचे भाडेही परवडावयाचे नाही. म्हणून १९४७ साली त्यांनी मुंबईत पोलिओच्या मुलांसाठी दवाखाना सुरू केला. हाजी अलीजवळचे मुलांच्या हाडांचे इस्पितळ त्यातूनच उभे राहिले. १९५८ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. आपण दवाखान्यात मालीश करणाऱ्या, पाय हलवून घेणाऱ्या बाईंना सहज 'फिजिओवाल्या बाई' म्हणतो, पण त्या काळी ही विद्या जाणणारे माणूसच विरळा. दवाखाना काढावयाचा म्हणजे आधी माणसे शिकवून तयार करण्यापासून सुरुवात. (पोलिओचे पुढे काय झाले ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. १९९५ पासून रविवारी आपण पोरे काखोटीला मारून डोस पाजायला नेत होतो. देशातला शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये सापडला, आणि मार्च २०१४ मध्ये आपला देश पोलिओमुक्त झाल्याचे जाहीर झाले. आपणही त्या कामात हात लावला आहे, हे मात्र आपण कधी बोलून दाखवीत नाही.)

तिसऱ्या मिथू अलूर. त्यांची मुलगी मालिनी हिला मेंदूचा पक्षाघात होता. हातपाय, बोलणे काही ताब्यात नाही, पण बुद्धी मात्र तल्लख. १९७२ साली मुंबईत कुलाब्याला तीन मुले घेऊन त्यांनी शाळा मांडली. अवघी तीन मुले! आपल्या मंगळवारच्या बैठकीला पहिल्या दिवशी किती आली म्हणून आपण खट्टू झालो होतो ते मला आठवते. मालिनी पुढे मोठी झाली, विलायतेत शिकली, आणि एका बोटाने टंकून तिने आपले चरित्र लिहिले.

या मिथूबाईंची एक गोष्ट आपल्यासारख्या खेड्यातल्या बायकांच्या फार जवळची आहे. १९७५ साली अंगणवाडीची योजना निघाली. पोषण आहार, लसीकरण, बालवाडी हे सगळे गावोगाव गेले. मिथूबाईंनी अभ्यास करून १९९८ मध्ये एक प्रबंध लिहिला. त्यात त्यांनी दाखविले की देशभर पसरलेल्या या योजनेत अपंग मुले जवळजवळ धरलेलीच नाहीत. त्या प्रबंधाचे नावच 'अदृश्य मुले' अशा अर्थाचे आहे. मुलीने हे वाचून दाखविले तेव्हा मी भाजी निवडीत होते. माझा हात थांबला. धाकटा तीन वर्षांचा असताना मी त्याला अंगणवाडीत नेले होते. चार दिवसांनी "तो इतर मुलांची ताटे ओढतो, याला घरीच ठेवा, खाऊ घरी नेत जा" असे मला सांगण्यात आले. सांगणाऱ्या बाईंचा मी वर्षानुवर्षे राग धरला. आता वाटते, त्यांना तरी अशा मुलाशी कसे वागावे हे कोणी शिकविले होते? रागाचे धनी निराळेच होते.

शहरांत पुढे शाळा वाढल्या. पुण्यात १९६४ पासून कामायनी आहे. आपल्या ठाणे जिल्ह्यातही ठाण्याला, डोंबिवलीला शाळा निघाल्या. डोंबिवलीजवळ खोणी गावी पालकांनी मिळून 'घरकुल' उभारले आहे, अमेय पालक संघटनेचे. तेथे ही मुले, मुले म्हणजे आता मोठी झालेली माणसे, एकत्र राहतात. आपल्या मागे याचे कसे होईल, हा जो प्रश्न आम्हा आयांना रात्री झोपू देत नाही, त्यावर काही आईबापांनी काढलेला हा तोडगा. मला तो पटतो, पण माझ्या मनाला अजून धीर होत नाही.

कायद्यांचे थोडक्यात सांगते, कारण ते सांगताना माझीच दमछाक होते. अपंगांचा पहिला मोठा कायदा १९९५ चा. १९९९ साली राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला. मुलगा १८ वर्षांचा झाला की कायद्याने आईसुद्धा त्याची आपोआप पालक राहत नाही. अशा मुलांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून पालकत्व लिहून घ्यावे लागते, ते या कायद्याने. २०१२ साली शिक्षण हक्काच्या कायद्यात दुरुस्ती होऊन, जे मूल शाळेत येऊच शकत नाही त्याला घरी शिकविण्याची सोय झाली. २०१६ च्या नव्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांचे एकवीस केले. आपल्या ग्रामपंचायतीनेही स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते. हे ग्रामसभेत विचारावयाचे असते, भगिनींनो, घरात बोलून उपयोग नाही.

पण या सगळ्याला एक कागद लागतो, तो म्हणजे दाखला. तो नसला तर ना सवलत, ना अनुदान, ना शाळेत नोंद. मी गोधडीतला कागद बाहेर काढला तो २०१४ साली. आमचे हे म्हणाले, आता पुरे झाले. शहरातल्या एका दवाखान्यात आम्ही दाखल्यासाठी तीन वेळा गेलो. अंबाडी नाक्यावरून एस.टी. पकडावयाची, बरोबर डबा, पाण्याची बाटली, दोन जादा चड्ड्या. पहिल्या वेळी डॉक्टर रजेवर, दुसऱ्या वेळी यंत्र बंद. तिसऱ्या वेळी खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, "इतकी वर्षे काय करीत होता?" या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. दाखला चौथ्या खेपेला मिळाला. त्या चौथ्या खेपेला माझ्याबरोबर आपल्या मंडळातल्या दोघीजणी आल्या होत्या. एकीने रांग धरली, दुसरीने धाकट्याला बाहेर चिंचेखाली बसवून चणे सोलायला दिले. हे मी येथे मुद्दाम लिहिते, कारण अहवालात ते कोठे आलेले नाही.

मंगळवारची रीत आली ती तेथून. परतताना एस.टी.तच बोलणे निघाले की भातलावणीच्या दिवसांत अशा मुलाची आई काय करते? शेतात न जावे तर मजुरी बुडते, जावे तर मूल कोंडून ठेवावे लागते. त्या पावसाळ्यात पहिल्यांदा ठरले की लावणीच्या दिवसांत म्हाताऱ्या, बाळंतिणी, ज्यांना चिखलात उतरावयाचे नाही अशा बायकांनी आळीपाळीने या मुलांपाशी बसावे. पहिल्या दिवशी दोन मुले आली, तीही एक माझाच. दुसरीला, ती शेजारच्या पाड्यावरची, तिच्या आजीने पदराखाली झाकून आणले होते. पाऊस सरला तरी बैठक मोडली नाही, मंगळवार दुपार कायम झाली. गटशिक्षणाकडून फिरत्या शिक्षिका येतात, त्यांनी आम्हाला दाखविले की शिकवणे म्हणजे अक्षरेच नव्हेत. बटण लावणे, चूळ भरणे, रस्ता ओलांडणे, ओळखीच्या माणसालाच हात देणे, हे सगळे शिक्षण. धाकटा वाती वळायला शिकला. त्याच्या वाती जरा जाड होतात, पण वज्रेश्वरीला जाणाऱ्या बायका त्याच नेतात. तेल जास्त पितात अशी तक्रारही करतात.

सर्व काही गोड झाले असे नाही. एका वर्षी मंडळाच्या हळदीकुंकवाला धाकटा माझ्याबरोबर होता म्हणून एक पाहुण्या बाई वाण न घेताच उठून गेल्या. समाजमंदिरात या मुलांना बसवावे की नाही यावर आपल्यातच दोन तट पडले होते, ते या स्मरणिकेत लिहू नका असे मला सांगण्यात आले आहे, म्हणून एवढ्यावरच थांबते.

आणि थोरलीचे लग्न? ज्याच्यासाठी मूठ झाकली होती ते? पाहुणे पाहावयास आले तेव्हा सासूबाईंनी पुन्हा त्याला मागे नेले नाही. त्या नुसत्या बसून राहिल्या. तो तांब्या घेऊन आला, आता फारसे सांडत नाही. मुलाच्या वडिलांनी पाणी घेतले आणि विचारले, "हा धाकटा का?" मी म्हटले, "होय, हा मतिमंद आहे, आणि हा घरीच राहणार." माझा आवाज कापत होता. लग्न जमले. त्याच्यामुळे मोडली अशी एकही सोयरीक मला सांगता येणार नाही, पण भीतीमुळे गेलेली वर्षे मोजता येतात.

२०२१ ची शिरगणती करोनामुळे लांबली. पुढच्या शिरगणतीसाठी १ मार्च २०२७ हा दिवस धरला आहे. मागच्या महिन्यात आपल्या सभेत ठरले की त्याआधी आळीआळीने फिरून बायकांना सांगावयाचे की मास्तर विचारतील तेव्हा खरे लिहवून द्या. यादी करता करता लक्षात आले की आपल्या गावात व पाड्यांवर मिळून तीन घरे अशी आहेत जेथे मूल आहे हे सर्वांना ठाऊक आहे, पण मंगळवारी ते कधी आलेले नाही. एका घरी आम्ही गेलो तर कडी आतून लागली. मी दाराबाहेरूनच २०११ ची माझी गोष्ट सांगितली. आतून कोणी काही बोलले नाही, पण दाराला टेकून कोणीतरी उभे होते हे मला कळत होते. त्या घरी मी पुन्हा जाणार आहे.

एक विनंती आहे. लावणीच्या मंगळवारांना बसावयास अजून दोघी कमी पडतात. चटया आहेत, पाण्याचा माठ फुटला आहे. ज्यांना जमेल त्यांनी नाव चिटणीसबाईंकडे द्यावे, निदान माठ तरी द्यावा.